केफ्काला मारायची घाई करू नका: 'डान्सिंग मॅड' पूर्ण ऐकत फायनल फॅन्टसी ६ कसा संपवायचा

फायनल फॅन्टसी ६ चा शेवटचा बॉस केफ्का अवघड आहे का असं विचारलं की दहा जण दहा उत्तरं देतात, आणि गंमत म्हणजे दहाही बरोबर असतात. कारण हा गेम दुसऱ्या अर्ध्यात इतका मोकळा सुटतो, इतकी शस्त्रं, एस्पर (जादू शिकवणारे जीव), रेलिक (अंगावर चढवायच्या खास वस्तू) अंगावर ओततो, की जो माणूस सगळं गोळा करून केफ्काच्या टॉवरमध्ये जातो त्याच्यासाठी केफ्का म्हणजे दोन मिनिटांचं काम, आणि जो निम्मं सोडून सरळ वर चढतो त्याला तोच केफ्का रडवतो.

आता यात बिघडतं काय ते सांगतो. या लढाईचं जे संगीत आहे, नोबुओ उएमात्सुचं 'डान्सिंग मॅड', ते साउंडट्रॅकच्या सीडीवर सतरा मिनिटांच्या वर आहे. १९९४ साली निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉमवर, म्हणजे फक्त आठ चॅनल आणि आवाजासाठी ६४ केबी मेमरी असलेल्या मशीनवर, माणसाने चार भागांची रचना बसवली, चर्चचा ऑर्गन, कोरस, प्रोग्रेसिव्ह रॉक सगळं घालून. आणि आपण काय करतो, तर अल्टिमा (गेममधली सगळ्यात भारी जादू), अल्टिमा, अल्टिमा, संपला विषय. ते संगीत प्रत्येक टप्प्याला बांधलेलं आहे, टप्पा संपला की तो भाग तिथेच तुटतो आणि पुढचा चालू. म्हणजे तुम्ही जितके भारी, तितकं कमी ऐकायला मिळणार. विलंबित सुरू होतंय तोवर कुणीतरी माइक हिसकावून थेट तराणा म्हणा असं सांगितल्यासारखं होतं ते.

म्हणून ही गाइड थोडी उलटी आहे. केफ्काला लवकर कसं मारायचं हे सांगणारे ढीगभर आहेत. इथे आपण असं बघणार की टीम इतकी मजबूत कशी ठेवायची की मरणार नाही, आणि इतकी कमजोर कशी ठेवायची की संगीत पूर्ण वाजेल. गोष्टीचा शेवट यात येणारच, ज्यांनी अजून खेळला नाहीये त्यांनी आधी खेळून या.

आधी सेटिंग

सगळ्यात महत्त्वाची युक्ती पहिल्यांदाच देऊन टाकतो, बाकीचं वाचलं नाही तरी चालेल. कॉन्फिगमध्ये जाऊन बॅटल मोड 'ॲक्टिव्ह' वरून 'वेट' करा. या गेममध्ये एटीबी आहे, म्हणजे तुम्ही विचार करत बसलात तरी शत्रूची पट्टी भरत राहते आणि तो मारत राहतो. पण वेट मोडमध्ये मॅजिक किंवा आयटमची आतली यादी उघडली की वेळ थांबतो. शत्रू थांबतो, पट्ट्या थांबतात, संगीत मात्र थांबत नाही. कळलं ना कुठे चाललोय? लढाई सुरू झाली, पहिल्या कॅरेक्टरची पाळी आली, मॅजिकची यादी उघडा, कंट्रोलर मांडीवर ठेवा आणि ऐका. लक्षात ठेवा, फक्त अटॅक-मॅजिक-आयटम हा पहिला मेनू दिसत असेल तर वेळ चालूच असतो, यादीच्या आत जावं लागतं. तुमच्या आवृत्तीत नेमकं कुठल्या मेनूत थांबतं ते बाहेर एखाद्या साध्या लढाईत आधी बघून घ्या, केफ्कासमोर प्रयोग नकोत.

बॅटल स्पीड पण तिथेच आहे. जुन्या आवृत्तीत १ म्हणजे सगळ्यात जलद आणि ६ म्हणजे सगळ्यात संथ, हे उलटं वाटतं म्हणून बरेच जण चुकीच्या टोकाला लावून बसतात. ४-५ वर ठेवा. ६ वर ठेवलं तर लढाईतला ताणच जातो, आणि ताण हवाच आहे, त्याशिवाय हे संगीत अर्धंच लागतं.

कुठली आवृत्ती घ्यावी? मूळ सुपर फॅमिकॉमचा आवाज तो मूळच, त्यात थोडा धुरकटपणा आहे पण तोच शोभतो. गेमबॉय ॲडव्हान्सवाल्यात भाषांतर छान आहे, जास्तीचे डन्जन आहेत, पण आवाज पातळ, या कामासाठी मी तरी घेणार नाही. आज नव्याने खेळणाऱ्यासाठी २०२२ ची पिक्सेल रीमास्टर सोपी पडते, त्यात सगळं संगीत नव्याने केलंय आणि उएमात्सुच्या देखरेखीखाली केलंय. २०२३ मध्ये ती कन्सोलवर आली तेव्हा जुनं की नवं संगीत निवडायची सोय आली, शिवाय एक्सपीरियन्स शून्यापासून चौपटीपर्यंत कमी-जास्त करता येतो आणि रस्त्यात येणाऱ्या लढाया बंदही करता येतात. हे आपल्या फार कामाचं आहे, पुढे सांगतो. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जुनं संगीत लावून खेळा आणि दुसऱ्यांदा नवं.

आणि हो, फोनवर खेळणार असाल तर फोनचा स्पीकर नको. ऑर्गनचा खालचा सूर, तो पायाने वाजवायचा जो असतो, तो त्या इवल्याशा स्पीकरमधून येतच नाही आणि मग उरतं काय, नुसती पिपाणी. हेडफोन लावा, डू नॉट डिस्टर्ब लावा, मधेच कुठल्यातरी बँकेचा लोनवाला फोन आला तर मूडची वाट लागते.

काय घरी ठेवून जायचं

हिशोब सोपा आहे. शेवटच्या केफ्काचा एचपी, म्हणजे जीव, ६२,०००. एका फटक्याला जास्तीत जास्त ९,९९९. मॅजिक वाढवलेल्या कॅरेक्टरची अल्टिमा डिफेन्सला जुमानत नाही आणि ९,९९९ च्या आसपासच बसते, म्हणजे सात अल्टिमा आणि खेळ खल्लास. चौघांकडे असेल तर दोन फेऱ्यासुद्धा पुऱ्या लागत नाहीत. त्यात कुणाकडे सोल ऑफ थमासा असेल, जुन्या भाषांतरात जेम बॉक्स, तर तो एका पाळीत दोन जादू टाकतो. अल्टिमाला ८० एमपी, म्हणजे जादूची शक्ती, लागते म्हणून काहीतरी ब्रेक असतो, पण सेलेस्ट्रियाड म्हणजे जुना इकॉनॉमायझर लावला की प्रत्येक जादू १ एमपीत. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या अंगावर चढवल्या की गेम खरं तर तिथेच संपलेला असतो, बाकी सगळी औपचारिकता.

तर या गोष्टी काढून ठेवा: सोल ऑफ थमासा, सेलेस्ट्रियाड, आणि मास्टर्स स्क्रोल व गेंजी ग्लव्हची जोडी. ही शेवटची जोडी एका पाळीत आठ वार करते, हातात चांगली तलवार असेल तर अल्टिमाचीही गरज राहत नाही. क्विक ही जादू पण नको, वेळ थांबवून स्वतःला जादा पाळ्या घेणं म्हणजे आपल्या कामाच्या बरोबर विरुद्ध.

अल्टिमा शिकलीच असेल तर ती पुसता येत नाही, पण वापरायची सक्ती कुठेय. नार्शमधला म्हातारा शस्त्रवाला रॅग्नारोकची तलवार करू की एस्परच ठेवू असं विचारतो तेव्हा बहुतेक जण अल्टिमासाठी एस्पर घेतात, या खेपेला तलवार घेऊन बघा. ती तलवार पुढे कोलोसियममध्ये पणाला लावली की लाइटब्रिंगर मिळते, पण तो मोह आवरा, लाइटब्रिंगर म्हणजे परत तेच. शापित ढाल घेऊन २५६ लढाया करून पॅलाडिन शील्ड बनवायच्या भानगडीत तर अजिबात पडू नका, तीही अल्टिमाच शिकवते आणि वेळ जातो तो वेगळाच.

लेव्हल ३५ ते ४० च्या मधे ठेवा. त्याखाली गेलात तर शेवटी एका फटक्यात दोघं आडवे होतात, वर गेलात तर काहीच लागत नाही. इथे ती पिक्सेल रीमास्टरची सोय वापरा, ३८ ला पोचलात की एक्सपीरियन्स शून्य करून टाका आणि मग निवांत भटका, सगळे साइड क्वेस्ट करा, लेव्हल हलणार नाही. जुन्या आवृत्तीत ही चैन नाही, तिथे लढाया टाळायला मॉग या कॅरेक्टरला मूगल चार्म हे रेलिक लावा आणि त्याला पुढे ठेवून फिरा. एस्परचे लेव्हल अप बोनस पण थोडे आवरते घ्या, झोना सीकर हा एस्पर लावून प्रत्येक लेव्हलला मॅजिक दोनने वाढवत गेलात तर फायरागा ही साधी आगीची जादूसुद्धा अल्टिमासारखी बसायला लागते.

काय घेऊन जायचं

मारायचं कमी आणि टिकायचं जास्त, हे धरून चाला. हव्यात त्या गोष्टी म्हणजे क्युरागा (बरं करणारी जादू) येणारे किमान दोन जण, अराइज (मेलेल्याला उठवणारी) येणारा किमान एक, आणि रीरेज, म्हणजे मेला की आपोआप उठवणारी जादू, ती फीनिक्स एस्पर देतो. फीनिक्स गुहेत लॉकला शोधायला जाताच ना, तिथूनच मिळतो. मेगालिक्झर दोन-तीन राखून ठेवा, आख्ख्या टीमचा एचपी-एमपी पूर्ण भरतो, आणि त्याची जागा मी पुढे सांगणार आहे तिथेच आहे, आधी उधळू नका. रिबन, म्हणजे अंधत्व, सायलेन्स असले त्रास अडवणारं रेलिक, जितक्या असतील तितक्या वाटा. गोलेम एस्पर कुणाच्यातरी गळ्यात असू द्या, तो शारीरिक मार काही वेळ स्वतःवर झेलतो.

मारण्यासाठी फायरागा, ब्लिझागा, थंडागा, फ्लेअर, एडगरची अवजारं, सेबिनचे साधे ब्लिट्झ इतकं पुरे.

टीम कुठली, हे लोक आकड्यांवरून ठरवतात. मी म्हणेन की एकदा तरी गोष्टीवरून ठरवा. सायनच्या डोमा किल्ल्यात विष कालवून त्याची बायको आणि मुलगा या केफ्कानेच मारलेत. टेराच्या डोक्यावर स्लेव्ह क्राउन चढवून तिला हत्यारासारखं वापरलं, तेही यानेच. एडगरचा फिगारो किल्ला पेटवला. सेलेस त्याच्याच सैन्यात जनरल होती. हे चौघं पुढे उभे राहिले की ऑर्गन सुरू झाल्यावर अंगावर काटा येतो तो वेगळाच. आकड्यांच्या हिशोबानेही काही वाईट नाही, टेरा आणि सेलेस दोघी बरं करायचं काम सांभाळतात. सायनच्या बुशिडोची, म्हणजे तलवारीच्या खास चालींची, पट्टी भरायला वेळ लागतो आणि जुन्या आवृत्तीत ती भरेपर्यंत तुम्हाला दुसऱ्या कुणाला हुकूम देता येत नाही, एरवी यावरून सायनला शिव्या बसतात, पण आपल्याला वेळच काढायचाय, म्हणजे तो इथे हिरो.

शेवटच्या लढाईआधी गेम तुम्हाला बारा जणांपर्यंत क्रम लावायला सांगतो. पहिले चार लढतात, आणि टप्पा संपतो तेव्हा जो मेलेला असेल, दगड झालेला असेल, त्याच्या जागी रांगेतला पुढचा येतो. गेलेला परत येत नाही. म्हणून दोन गोष्टी करा. पाचव्या जागेवर रेल्मला ठेवा, तिची मॅजिक पॉवर सगळ्यांत जास्त आहे, कुणी पडलं तर बदली म्हणून बरं करणारी मिळते. आणि उमारोला शेवटी ढकला, तो ऐकत कुणाचंच नाही, आपल्या मनाने मारत सुटतो, नेमकं थांबायचंय तेव्हा हा गडी घात करणार.

टॉवरबद्दल फार बोलत नाही. तीन टीम कराव्या लागतात, स्विचवर एकाने उभं राहायचं आणि दुसऱ्याने पुढे जायचं असा प्रकार आहे, तिन्ही टीममध्ये एकेक बरं करणारा असला की निभतं. वर तीन देवतांचे पुतळे एकेका टीमच्या वाट्याला येतात. वाटेतल्या सेव्ह पॉइंटवर वेगळ्या स्लॉटमध्ये सेव्ह करा, याचा उपयोग शेवटी सांगतो. आणि वर चढायच्या आधी घड्याळ बघा, लढाई धरून पुढचा एक तास मोकळा हवा.

खालून वर

लढाई म्हणजे एक उंच मनोरा आहे, मांस, यंत्रं, प्राणी, माणसं एकमेकांत गुंतलेली, आणि आपण खालून वर सरकत जातो. तीन मजले, मग केफ्का.

पहिल्या मजल्यावर एक मोठा चेहरा आणि दोन हात. हा भाग सगळ्यात जड वाजतो, ऑर्गनच्या थपडा आणि मागे तो कोरस. कोरस कसला, मशीनवरचा एक छोटासा आवाजाचा तुकडा वरखाली करून वाजवलाय, पण त्या खडबडीतपणामुळेच तो माणसांचा वाटत नाही आणि इथे तेच हवंय. सुरुवातीलाच मॅजिकची यादी उघडा आणि एक पूर्ण फेरी ऐका, दोन-तीन मिनिटं धरून चाला. धून परत पहिल्या जागी आली की कळतंच. मग खेळायला लागा आणि एका वेळी एकालाच मारा. सगळ्यांवर पसरणारी जादू टाकली की तिघंही एकदम खाली येतात आणि नंतर थांबायला जागा राहत नाही. या लोकांचे एचपी तीस हजारांच्या आसपास आहेत, फायरागाने मारत राहिलात तर आरामात दुसरी फेरीही ऐकून होते.

मजला संपवणारा शेवटचा घाव घालायच्या आधी थांबा. सगळ्यांचे एचपी भरा, पडलेल्याला उठवा, मगच मारा. ही सवय तिन्ही मजल्यांवर ठेवली तर बारापैकी पहिले चारच शेवटपर्यंत पोचतात.

दुसरा मजला मला विचाराल तर खरा अवघड. इथे शत्रू जास्त आहेत, एक जादूवाला, एक यंत्रवाला, एक वाघ, एक ताकदवाला, आणि प्रत्येकाचा मार वेगळा. संगीतही तसंच, खालच्या भागात जो एक ठाम जडपणा होता तो इथे मोडतो, ताल अस्वस्थ होतो, कुठून काय येईल याचा भरवसा नाही. इथे पूर्ण फेरी आधी ऐकून घ्या हे मी परत सांगतोय कारण लढाई चालू झाल्यावर ऐकायला उसंत मिळत नाही. शेल (जादूचा मार कमी करते) आणि हेस्ट (पट्टी लवकर भरते) लावा, एक जण फक्त बरं करण्यावर ठेवा, त्याला मारायला पाठवूच नका. आधी जादूवाला संपवा, तो जितका जगेल तितका एमपी तुमचा जातो. अगदीच जड गेलं तर इथे थोडी घाई केलीत तरी माफ आहे.

मग पडदा अजून वर सरकतो आणि तिसरा मजला. एक बाई, आणि तिच्यापाशी विसावलेला एक पुरुष. येशूला मांडीवर घेतलेल्या मेरीचे जे पुतळे असतात त्याचीच आठवण येते, आणि ती यावी अशीच मांडणी आहे. आणि इथे संगीतात काय होतं तर बाकी सगळं बाजूला होतं आणि ऑर्गन एकटा उरतो. बाखच्या वळणाचा, एका हातातली ओळ दुसऱ्या हातात जाते, परत येते, गुंफण वाढत जाते. मारामारीच्या गेममध्ये, शेवटच्या बॉसच्या दारात, माणूस तुम्हाला चर्चमध्ये नेऊन बसवतो. हा भाग ऐकला नाही तर 'डान्सिंग मॅड' ऐकलंच नाही असं माझं स्पष्ट मत आहे, आणि नेमका हाच भाग अल्टिमावाले सगळ्यात जास्त गमावतात, कारण इथे दोनच शत्रू आहेत आणि ते पटकन पडतात. बाईचा एचपी तर दहा हजारांनाही एक कमी, ९,९९९, म्हणजे एका फटक्याची धनीण. तिला हातच लावू नका सुरुवातीला. यादी उघडा, डोळे मिटा, दोन फेऱ्या ऐका.

दुसऱ्या फेरीत फक्त खालची ओळ पकडून ऐकायचा प्रयत्न करा, वरची चपळ बोटं विसरून. आठ चॅनलमधले किती कुठे खर्च केलेत याचा अंदाज यायला लागतो आणि उएमात्सु हा माणूस संगीत स्वतःचं स्वतः शिकलाय हे आठवून अजूनच गंमत वाटते.

संपवायच्या आधी सगळ्यांचे एचपी फुल, रीरेज ज्याच्यावर जमेल त्याच्यावर. मेगालिक्झर अजून हातात आहेत ना बघा.

केफ्का

वरून पंख पसरून तो उतरतो तेव्हाचं संगीत शांत आहे, जवळजवळ पवित्र म्हणावं असं. हा विदूषकासारखा रंगवलेला, किंचाळत हसणारा माणूस, ज्याने अर्ध्या गेममध्ये जग खरंच मोडून दाखवलं, तो आता देवासारखा खाली येतोय आणि उएमात्सु त्याला ती इज्जत देतो. पण थोडाच वेळ. मग ड्रम्स येतात, बास येतो, आणि ऑर्गन चर्च सोडून सरळ रॉकच्या स्टेजवर. उएमात्सुला सत्तरच्या दशकातल्या ब्रिटिश प्रोग्रेसिव्ह रॉकचं वेड आहे हे त्याने स्वतःच बऱ्याचदा सांगितलंय, ते इथे उघडं पडतं. चारही भाग मिळून ऐकलं तर गेमच्या अगदी सुरुवातीचे ऑर्गनचे सूर आणि केफ्काची स्वतःची धून पण यात गुंफलेली सापडते, म्हणजे पहिल्या टायटल स्क्रीनवर जे वाजलं होतं ते या माणसाकडेच घेऊन येणार होतं.

आता इथे लगेच यादी उघडून बसायचा मोह होईल, तर जरा थांबा, कारण तो सुरुवातच हार्टलेस एंजलने करतो, जुन्या भाषांतरात फॉलन वन. सगळ्यांचा एचपी १. लेव्हल कितीही असो, कवच कुठलंही असो, १ म्हणजे १. नवखे इथे हबकतात, पण ही चाल कुणाला मारत नाही, मारतो तो पुढचा फटका. म्हणजे या दोन चालींच्या मधला जो वेळ आहे तेवढाच तुमचा. ज्याची पाळी पहिली येईल त्याने मेगालिक्झर, दुसरा विचार नाही. क्युरागा सगळ्यांवर पसरवली की तिचा जोर निम्मा होतो म्हणून पहिल्या खेपेला आयटमच बरा. एकदा एचपी भरले की मग उघडा यादी, टाका मांडी, हा चारही भागांत सगळ्यात लांब आहे.

ऐकून झालं की लढाईचा ताल असा ठेवा. दोन जण मारणारे, एक बरं करणारा, आणि एक जण पाळी आली तरी काहीच न करता थांबणारा. हा चौथा म्हणजे विमा. त्याची पट्टी भरलेली ठेवायची, पाळी पुढच्या कॅरेक्टरवर ढकलायची, आणि केफ्काने परत एचपी १ केला की लगेच त्याच्याकडून मेगालिक्झर किंवा क्युरागा. हे एक जमलं की लेव्हल ३५ लाही ही लढाई हाताबाहेर जात नाही.

बाकी त्याचं सामान बघून घ्या. हॅवॉक विंग हा शारीरिक मार आहे, एकालाच बसतो पण जोरात, गोलेम इथे कामी येतो. हायपरड्राइव्ह हा जादूचा मार, तोही एकालाच, शेल असेल तर सुसह्य होतो. ट्राइनने डोळे आणि तोंड बंद होतं, म्हणजे अंधत्व आणि सायलेन्स, बरं करणाऱ्याचं तोंड बंद झालं तर सगळंच बोंबललं, म्हणून पहिली रिबन त्याला. व्हेंजन्स तुमच्यावर लावलेले चांगले परिणाम उतरवतो, तेव्हा हेस्ट-शेल परत लावायची तयारी ठेवा आणि त्यावर चिडू नका. मधेमधे मोठ्या जादू येतात, अल्टिमा तो पण टाकतो, आपण नाही वापरली म्हणून तो ऐकणारेय थोडाच.

६२,००० मोजत राहा. दर फेरीला साधारण पाच-सहा हजार गेले तर दहा-बारा फेऱ्या होतात, म्हणजे संगीत दोनदा फिरून येतं आणि लढाई कंटाळवाणीही होत नाही. माझ्या मते हा योग्य वेग. यापेक्षा हळू गेलात तर एमपी संपतो, आणि एमपी संपला की ती हार लांबत लांबत येते, ती फार केविलवाणी असते.

शेवटाकडे, तो खंगला की अंत जवळ आलाय अशा अर्थाची ओळ स्क्रीनवर येते. ती दिसली की मारणं थांबवा आणि सगळ्यांचे एचपी वर न्या, कारण मागून फोरसेकन येतं, जुनं नाव गॉनर, आख्ख्या टीमवर. एचपी भरलेले असतील आणि शेल असेल तर या लेव्हलला सहसा निभावतं, अर्धे असतील तर दोघं-तिघं जातात. निभावलं की मग मात्र रेंगाळू नका, इथे सायनची भरलेली बुशिडो सोडा. तलवार त्याचीच लागली तर उत्तम.

नंतरचं

ज्यांना सातव्या भागातला शेवटचा बॉस सेफिरोथ जास्त आवडतो त्यांच्याशी भांडण नाही. १९९७ च्या त्या संगीतात खरी माणसं लॅटिनमध्ये गातात, आणि तिथे ऐकायला वेळ काढायची चिंताच नाही, त्याच्या सुपरनोव्हाचं ॲनिमेशनच इतकं लांब आहे की चहा होतो. पण तिथे संगीत लढाईबरोबर मजले चढत नाही, आणि माझ्यासाठी फरक तिथे पडतो. 'डान्सिंग मॅड' आवडलं तर उएमात्सुच्या द ब्लॅक मेजेस बँडचा २००३ चा अल्बम ऐका, त्यात हेच पूर्ण रॉकमध्ये आहे, आणि डिस्टंट वर्ल्ड्स या कॉन्सर्टवाल्यांनी मोठ्या ऑर्केस्ट्रावरही बसवलंय. दोन्ही आधी ऐकू नका, आधी खेळा.

केफ्का पडला की लगेच उठू नका, शेवटच्या प्रसंगाचं संगीत साउंडट्रॅकवर एकवीस मिनिटांच्या वर आहे आणि त्यात एकेका कॅरेक्टरची धून त्याच्या त्याच्या प्रसंगावर येते. जो टीममध्ये घेतलाच नाही त्याचा प्रसंग दिसणार नाही. म्हणून टॉवरला जायच्या आधी चौदाच्या चौदा कॅरेक्टर गोळा करा. शॅडो सगळ्यात जास्त हुकतो, कारण त्याचा निर्णय फार आधी होतो: फ्लोटिंग कॉन्टिनेन्टवर घड्याळ उलटं चालू असताना उडी मारू की थांबू असं विचारतात तेव्हा थांबा म्हणायचं, आणि शेवटचे पाच सेकंद उरेपर्यंत थांबायचं, मग तो येतो.

आणि आता तो सेव्ह. शेवट झाल्यावरही तुमचा टॉवरमधला स्लॉट जसाच्या तसा असतो. दुसऱ्या दिवशी तोच लोड करा, सोल ऑफ थमासा आणि सेलेस्ट्रियाड बॅगेत पडलेत ते टेराला चढवा आणि अल्टिमा येत असेल तर या वेळी खुशाल धुवा त्याला.